बस्ता, बिल आणि बिलाची मागची बाजू : जळगावातील एका वस्त्रदालनाचा अनुभव

जळगावातील ज्या तीन मजली वस्त्रदालनाबद्दल हे लिहीत आहे, तेथे खरेदीला जाऊ नका, असे मला सुचवायचे नाही. घरात पुढचे लग्न निघाले तर बस्त्याला मी बहुधा तेथेच जाईन. दुकानाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. माझी तक्रार आहे ती नियम सांगण्याच्या पद्धतीबद्दल, आणि ती पद्धत मी जळगावात, धुळ्यात आणि भुसावळलाही थोड्याफार फरकाने पाहिली आहे. एकाच पाटीवर बोट ठेवले की बाकीच्या पाट्या सुटतात.

पुतणीचे लग्न आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात होते. अमळनेरहून आम्ही चौदा जण क्रूझर करून सकाळी आठलाच निघालो, कारण एप्रिलमधल्या जळगावात अकरानंतर रस्त्यावर चालणे म्हणजे शिक्षाच असते. यादी नेहमीचीच होती : नवरीचा शालू, हळदीची साडी, मानाच्या नऊ साड्या, आहेराच्या पंचवीस, सासूबाईंच्या बरोबरीच्या तीन आज्यांसाठी नऊवारी, आणि पुरुषांच्या आहेरासाठी टॉवेल-टोप्या व शर्टपीस. आमच्याकडे पूर्वी अशी खरेदी सुरतेला होत असे. ताप्तीच्या मार्गावरची गाडी पकडायची, दिवसभर बाजार पालथा घालायचा आणि रात्री गठ्ठे घेऊन परतायचे. सुरतेचा भाव अजूनही कमीच पडतो, परंतु एखादी साडी सदोष निघाली तर तेवढ्यासाठी पुन्हा सुरतेला कोण जाणार, या एका विचाराने या वेळी जळगाव ठरले. पुढे जे घडले ते पाहता या विचाराचे मला हसूच येते.

दुकानात माल भरपूर आहे आणि मांडणी समंजस आहे. तळमजल्यावर रोजच्या वापराच्या व आहेराच्या साड्या, पहिल्या मजल्यावर गाद्या घातलेला लग्नाचा विभाग, दुसऱ्यावर पुरुषांचे कापड व तयार कपडे, आणि सर्वांत वर शिलाई, फॉल-पिको आणि गोदाम. म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट आहे, थंड ताक न मागता मिळते, आणि मुले कंटाळली तर त्यांना बसवायला एक कोपरा आहे. आम्हांला साड्या दाखवणारा सेल्समन पन्नाशीचा असावा. त्याने साठेक साड्या उलगडल्या आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही. पदर कसा पडेल हे दाखवण्यासाठी तो साडी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. एका गर्द जांभळ्या साडीवर सगळ्यांचे एकमत होत असताना तो म्हणाला, "काकू, हा रंग रात्रीच्या दिव्यात मरतो. तुमचं लग्न गोरज मुहूर्ताचं आहे ना, मग हिच्यात नवरी दिसायची नाही." ती साडी आम्ही घेतलेल्या साडीपेक्षा बाराशे रुपयांनी महाग होती. आपल्या तोट्याचा सल्ला देणारा विक्रेता ज्या दुकानात टिकून आहे, त्या दुकानाची ती मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल.

बिल ९४ हजार ६५० रुपयांचे झाले. बिल करताना मोबाइल क्रमांक मागितला गेला. मी कारण विचारले तेव्हा बिल नंतर शोधायला सोपे जाते, असे उत्तर मिळाले. खरेदीसाठी ग्राहकाने मोबाइल क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह दुकानांनी धरू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिलेली आहे आणि ती मला ठाऊक होती. पण मागे चौदा माणसे उभी असताना आणि पुढे बिलाचा कागद निघत असताना कोण वाद घालतो? मी क्रमांक दिला. त्यानंतरच्या नऊ दिवसांत त्या क्रमांकावर सवलतींचे अकरा संदेश आले.

सहा हजार ८५० रुपयांच्या एका मानाच्या साडीला तेथेच फॉल-पिको करून घ्यावा, असे काउंटरवरूनच सुचवण्यात आले. बस्त्याच्या ग्राहकांना ती सोय मोफत होती. चार दिवसांनी भाच्याने साडी आणून दिली. घरी आल्यावर पुतणीने ती खिडकीशी धरली, तेव्हा पदराच्या काठापासून चार बोटांवर आडव्या विणीत एक जागा विरळ दिसली. लांबी अर्ध्या करंगळीएवढी, रुंदी दोन-तीन धाग्यांची. साडी घडीत असताना ती जागा दिसणे शक्यच नव्हते. उजेडापुढे धरली की मात्र तेथून खिडकीचे गज दिसत. कापड फाटलेले नव्हते, ओढलेले नव्हते. मागावरच धागा तुटून तशीच वीण पुढे गेली होती. फॉल लावणाऱ्याने ती साडी सहा वार पसरून हाताळली असणार, म्हणजे दुकानातील निदान एका माणसाच्या नजरेखालून ती जागा गेली होती.

खरेदीपासून नवव्या दिवशी सासूबाई आणि मी ती साडी घेऊन गेलो. बिलाची मागची बाजू मी त्या दिवशी बसमध्ये प्रथम वाचली. तेथे बारा ओळी होत्या. बदल दहा दिवसांत. बदलाची वेळ सकाळी ११ ते दुपारी ४, रविवार व सणाचे दिवस सोडून. मूळ बिल आवश्यक. रोख परतावा नाही, फक्त क्रेडिट नोट. सवलतीतील माल बदलून मिळणार नाही. आणि सातवी ओळ : फॉल-पिको, शिलाई अथवा कटिंग केलेला माल कोणत्याही कारणास्तव बदलून मिळणार नाही. हीच बारा ओळींची पाटी दुकानातही आहे, हे मला त्या दिवशी कळले. ती तळमजल्यावर, बदलाच्या काउंटरच्या मागे लावलेली आहे. म्हणजे ज्याने पैसे दिलेले आहेत आणि जो आता तक्रार घेऊन आलेला आहे, त्यालाच ती दिसते.

बदलाच्या काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी उभी होती. उभी होती असे लिहिते, कारण त्या काउंटरमागे खुर्चीच नाही. तिने साडी पाहिली, बिल उलटे केले आणि सातव्या ओळीवर बोट ठेवले.

"फॉल-पिको तर तुमच्याकडेच केला," मी म्हणाले.

"मॅडम, तो विभाग वेगळा आहे."

"पण दुकान एकच आहे ना?"

"हो मॅडम, पण सिस्टीम घेत नाही."

त्यातच बिल आड आले. ते स्कूटरच्या डिकीत दोन दिवस उन्हात राहिले होते. हल्लीची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापतात, त्यामुळे आमच्या उन्हाळ्यात ती सांभाळणे कठीणच असते. आमचे बिल अर्धे करडे पडले होते आणि तारखेचा शेवटचा आकडा वाचता येत नव्हता. मी मोबाइल क्रमांकाची आठवण दिली. त्यावर क्रमांक ऑफरच्या मेसेजसाठी असतो, बिले वरच्या ऑफिसात निघतात, असे तिने सांगितले. सासूबाई तोवर गप्प होत्या. त्या अहिराणीत एवढेच बोलल्या, "आमना पैसा खरा शे, मंग तुमनी साडी खोटी कशी?" मुलीला अहिराणी येत असावी, कारण तिने मान खाली घातली आणि "आजी, मला कळतंय, पण माझ्या हातात नाही," असे म्हणाली.

येथे माझा आवाज चढला. तो चढायला नको होता. मी तिला मालकांना बोलवायला सांगितले, ग्राहक मंचात जाण्याची भाषा केली, आणि रांगेतल्या लोकांकडे वळून या दुकानाबद्दल काहीबाही बोलले. ती मुलगी काचेच्या केबिनकडे पाहत राहिली. फ्लोअर मॅनेजर यायला चाळीस मिनिटे लागली. त्यांनी येताच घड्याळाकडे पाहून चार वाजून गेल्याचे सांगितले.

वाट पाहत असताना दुसरी बाजूही माझ्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि ती लिहिली नाही तर हे परीक्षण एकांगी होईल. आमच्या पुढच्या गृहस्थांनी परत आणलेल्या शर्टाच्या कॉलरची आतली बाजू घामाने पिवळी पडली होती, आणि शर्ट घातलाच नाही असे ते शपथेवर सांगत होते. एका बाईंनी आणलेल्या साडीच्या निऱ्यांवर हळदीचे बोट उमटलेले होते. लग्नात मिरवून झाल्यावर साडी परत करायची, हा उद्योग आपल्याकडे होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सातवी ओळ कोणा दुष्ट माणसाने बसून लिहिलेली नसून अशाच पाच-पंचवीस साड्यांच्या तोट्यातून ती छापली गेली असणार. मला ती समजते. तिच्यातले "कोणत्याही कारणास्तव" हे दोन शब्द तेवढे मान्य नाहीत.

रंग आवडला नाही, घरच्यांना पसंत पडले नाही, माप चुकले, या कारणांसाठी माल बदलून देणे ही दुकानदाराची मर्जी आहे. तेथे तो वेळ, अट, क्रेडिट नोट असे हवे ते नियम करू शकतो, आणि ते पाळणे आपल्यालाही शोभते. सदोष मालाची गोष्ट निराळी. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष, अशी व्याख्या आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिचे पैसे देण्यास बिलावर छापलेल्या मुदतीत, किंवा मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत नकार देणे, याला कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. बिल न देणे हेही त्याच कलमात येते. आम्ही दहापैकी नवव्या दिवशी गेलो होतो. दुकानाने स्वतःच शिवलेल्या फॉलची ढाल करून मागावरचा दोष झाकता येतो, असे मला तरी त्या कलमातून वाचता येत नाही.

हातपिशवीचे पैसे घेण्यावरूनही दुकानांत वाद होत असतात, आणि त्याबाबत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला निकाल मला या साडीच्या प्रकरणात वारंवार आठवला. पिशवीला वेगळे पैसे पडतील, किती पडतील आणि पिशवी कशी असेल, हे ग्राहकाला त्या दुकानात खरेदी करायची की नाही हे ठरवण्याआधी कळले पाहिजे. ऐन पैसे देताना ते सांगणे योग्य नाही, असा त्याचा रोख होता. माझ्या मते तोच न्याय बदलाच्या नियमांना लावला पाहिजे. "साडीला फॉल लावला तर ती बदलून मिळणार नाही, आधी उजेडात पाहून घ्या," एवढे वाक्य फॉल सुचवणाऱ्याने उच्चारले असते तर आम्ही साडी दारात नेऊन पाहिली असती, दोष तेथेच दिसला असता आणि सातव्या ओळीची गरजच पडली नसती. दुकानातले दिवे पिवळे आणि झगमगीत आहेत, त्यांत साडीची जर चमकते पण विणीतली विरळ जागा दिसत नाही. साडी नेहमी दिवसाच्या उजेडात, उलटी धरून पाहावी, ही आमच्या आजीची सवय आम्ही लिफ्ट आणि ताकाच्या नादात विसरलो, हा आमचा दोष.

शेवट असा झाला. साडेचारच्या सुमारास मालक स्वतः खाली आले. त्यांनी साडी काउंटरवरून उचलली, दाराशी नेली, विरळ जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही मागावरची खोट आहे. बदलून द्या." वेळ, बिल, सातवी ओळ, सिस्टीम, यांतले काहीही आड आले नाही. चार मिनिटांत दुसरी साडी निवडून झाली. सासूबाईंना त्यांनी बसायला खुर्चीही आणवली. एवढ्यावर हे लिहिले असते तर मी मालकांचे कौतुक करून थांबले असते. पण जाता जाता ते त्या मुलीला सर्वांसमोर म्हणाले, "एवढं कळत नाही का तुला? गिऱ्हाईक दुखावतात अशाने."

तिला चांगले कळत होते. साडी सदोष आहे हे तिने पहिल्या मिनिटाला पाहिले होते. तिच्या हाती जो नियम दिलेला होता तो तिने पाळला, आणि नियम करणाऱ्याने त्याच नियमासाठी तिला बोल लावला. वर तासभर माझाही आवाज तिनेच ऐकून घेतला होता. त्या वेळी "नियम तर तुमचाच आहे ना शेठ," असे मी म्हणायला हवे होते. नवी साडी हातात आली होती, बस गाठायची होती, आणि मी काही बोलले नाही. बसमध्ये सासूबाईंनी मला त्याबद्दल विचारले, तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

अमळनेरच्या बाजारपेठेत आमच्या ओळखीच्या कापड दुकानात असा प्रसंग येत नाही, कारण तेथे गल्ल्यावर बसणारा, नियम करणारा आणि नियम मोडणारा माणूस एकच असतो. साडी समोर ठेवली की तो हो किंवा नाही म्हणतो आणि विषय संपतो. तरीही त्या पद्धतीचे मी गोडवे गाणार नाही. तेथे माझ्या साडीचा निकाल लवकर लागतो तो तीन पिढ्यांच्या ओळखीमुळे. त्याच दुकानातून पाड्यावरून आलेल्या एका बाईला, साडी अजून घडीतच असताना, "एकदा विकलेला माल परत घेत नाही" असे ऐकवून वाटेला लावलेले मी पाहिले आहे. छापील नियमाचा खरा उपयोग तिला आहे. म्हणून मोठ्या दुकानांनी नियम छापावेत, फक्त ते गिऱ्हाईक आत येते त्या दाराशी, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लावावेत. आणि सदोष मालापुरता निर्णय घेण्याचा अधिकार बदलाच्या काउंटरवरच्या माणसाला द्यावा. सात हजारांच्या साडीवर जिला निर्णय घेता येत नाही, तिला तासभर लोकांच्या तोंडी देऊन दुकानाचे नेमके काय वाचते, हे मला कळलेले नाही.

ज्यांना मालक भेटत नाहीत त्यांच्यासाठी एवढे नोंदवते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे प्रकरण मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ज्या वस्तूसाठी पाच लाखांपर्यंत रक्कम दिली आहे तिच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे सुरतेत घेतलेल्या साडीची तक्रार जळगावात करता येते. तक्रारीला बिल लागते, दोषाचा फोटो लागतो, आणि दुकानाला आधी लेखी कळवलेले असले तर काम सोपे होते. मी त्या दिवशी काउंटरवर मोठ्याने जे जे बोलले, त्यातले काहीही तेथे पुरावा म्हणून चालले नसते.

लग्नाच्या विभागासाठी, विशेषतः त्या पन्नाशीच्या सेल्समनसाठी, मी पाचपैकी साडेचार गुण देईन. भाव सुरतेपेक्षा जास्त असले तरी रास्त आहेत. फॉल-पिकोचे काम स्वच्छ आहे. टाके सरळ आहेत, फॉलचा रंग जुळवून लावलेला आहे. बदलाच्या व्यवस्थेला दोनच गुण, आणि तेही त्या मुलीने शेवटपर्यंत आवाज चढवला नाही म्हणून.

बदलून घेतलेली साडी ३४० रुपयांनी स्वस्त होती. फरकाची रोख रक्कम मिळाली नाही, क्रेडिट नोट मिळाली. तिची मुदत ९० दिवसांची आहे, तेवढ्यात जाऊन उरलेल्या टॉवेल-टोप्या आणायच्या आहेत. ती नोटही त्याच उन्हात करड्या पडणाऱ्या कागदावर छापलेली आहे. तिची झेरॉक्स काढून मूळ नोटेला टाचून ठेवली आहे, आणि झेरॉक्स चालते की नाही हे मागच्या बाजूला कोठेही लिहिलेले नाही.